ट्रान्सप्लांटनंतर व्हिटॅमिन ‘डी’ कमी आलंय? उन्हात बसवण्याआधी हे वाचा

बीएमटी, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, करून पेशंट घरी आला की फोनवरून सल्ले सुरू होतात. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी सगळ्यांचा लाडका सल्ला एकच: ‘कोवळ्या उन्हात बसव, डी आपोआप वाढेल.’ एरवी ठीक, इथे नाही. दुसऱ्याच्या पेशी घेतल्या असतील तर त्या कधीकधी पेशंटच्याच कातडीवर उलटतात. याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि ऊन ते चेतवू शकतं. बुरशीवरचं व्होरिकोनाझोल चालू असेल तर कातडी आणखी लवकर भाजते. शिवाय डी तयार करणारे यूव्हीबी किरण कोवळ्या उन्हात असतात जेमतेमच. म्हणून बाहेर पडताना टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. आणि डी औषधातून.

१. तपासणी नीट मागा. ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ हवी. ‘१,२५’ नावाची वेगळी, महागडी तपासणी असते, तिच्यातून साठा कळत नाही. लॅबची पावती वाचून घ्या. साधारणपणे मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरं. त्याच रक्तात कॅल्शियम आणि क्रिएटिनिन करायचं का, तेही विचारा. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा भार किडनीवर पडतो.

२. डोस ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडूनच घ्या. आपल्याकडे सर्रास मिळते ती ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी, आणि ती बहुधा आठवड्यातून एकदा असते. चार कॅप्सूलची पट्टी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात गेली की घोटाळा झालाच म्हणून समजा. मी स्वतः सोमवारी आणि मंगळवारी अशा दोन दिल्या होत्या. डॉक्टरांना लगेच कळवलं, काही बिघडलं नाही. पण तेव्हापासून पट्टी कपाटात वेगळी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारभोवती लाल गोल. दिली की गोलावर काट.

३. रिकाम्या पोटी देऊ नका. डी चरबीत विरघळतं. महिनाभर मऊ भात आणि साबुदाण्याची पेज खाणाऱ्याला ते अंगी लागणार कसं? दुपारच्या वरणभातावर चमचाभर तूप घाला आणि त्या घासांबरोबरच कॅप्सूल द्या. आतड्यांचा जीव्हीएचडी असेल, जुलाब थांबत नसतील, तर तोंडाने दिलेलं पुरेसं शोषलं जात नाही. तसं स्पष्ट सांगा. इंजेक्शनचा पर्याय डॉक्टर बघतात.

४. कॅल्शियम विसरू नका. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. डी मात्र नाचणीत नाही. ते थोडंफार बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांत, आणि हे सगळं पूर्ण शिजवूनच. कॅल्शियमची गोळी लिवोफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत देऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर अँटिबायोटिक नीट शोषलं जात नाही.

५. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मध्येच खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. डी थांबवून त्याच दिवशी फोन करा. उलट, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागत असेल तर नुसत्या डीवर खापर फोडू नका. स्टेरॉइडनेही मांड्यांची ताकद जाते. प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने चालू असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल पुढच्या ओपीडीत आपणहून विचारा.