वर्दीवरचे बिल्ले घरी शिवताना

वर्धा जिल्ह्यातल्या, लष्कराचा डेपो असलेल्या पुलगावच्या आसपास शिवणक्लास करून मशीन टाकली असेल, तर वर्दीचं काम कधी ना कधी दारात येणारच. सुट्टीवर आलेले फौजी येतात, एनसीसीची पोरं येतात, २६ जानेवारीला पदकं लावून झेंड्यापाशी उभे राहणारे निवृत्त काका येतात. ब्लाउज चांगला जमतो म्हणून हेही जमेल, असं धरून चालू नका.

काही बदल खुशाल करा. पितळी बिल्ल्याच्या पिनेनं टेरीकॉट फाटतं, म्हणून आतून कापडाचा तुकडा लावून हातानं काजं करा. नावाच्या कापडी पट्टीला बकरम आणि वेल्क्रो लावलं की धुताना ती काढता येते. चमकवायला चिंच किंवा ब्रासो पॉलिश मात्र खऱ्या पितळेलाच. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर घासलं तर सोनेरी थरच निघून जातो.

मला अडकवलं ते खांद्यावरच्या फितीनं. सैन्यात सुभेदाराला दोन तारे आणि लेफ्टनंटलाही दोनच. सुभेदार मेजरला अशोकस्तंभाचे सिंह, मेजरलाही तेच. फरक दाखवते ती सुभेदारांच्या चिन्हासोबतची लाल-पिवळी-लाल फीत. एक सुभेदार काका जुनी खांदापट्टी नमुन्याला देऊन गेले होते. तिच्यावरची फीत झिजून कधीच गळून गेली होती. मी नमुन्यावरून माप घेऊन दोन तारे अगदी सुबक बसवले. काकांनी पट्टी हातात घेतली अन् म्हणाले, "काऊन वं पोरी, माही फीत कुठी गेली?" शिपायापासून एकेक पायरी चढून कमावलेली फीत होती ती. त्यांचा चेहरा पाहून मला रात्री झोप आली नाही.

म्हणून पुन्हा सांगते, नमुना पाहून शिवू नका, पद विचारून शिवा. वहीत लिहून घ्या: पद कोणतं, तारे किती, फीत आहे की नाही. जुन्या पट्टीवर टाक्यांची रिकामी भोकं शोधा, तिथे काहीतरी होतं. दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या मागून घ्या, एकीवर तरी खूण उरते. मोबाइलवर फोटो शोधून शिवायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, त्यात नाटकातल्या वर्द्याही असतात. शहरातल्या दुकानदारांच्या मागेही लागू नका, ते काही सांगत नाहीत. गावातल्या निवृत्त हवालदाराला चहा पाजा, तो एका बैठकीत सगळं समजावतो.

आणि नाही म्हणायला शिका. भरतीची तयारी करणारा पुतण्या येईल, "काकू, पॅराचे पंख लावून द्या न, रीलपुरते." देऊ नका. ते पंख विमानातून उड्या मारून मिळतात. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे. सैनिक नसताना लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून तसा पोशाख किंवा चिन्ह वापरलं, तर ३ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोरगं रुसेल, रुसू द्या.

यानं घाबरून काम परत पाठवू नका. हात बसतो, खरंच बसतो. सुरुवात एनसीसीच्या बाहीवरच्या पट्ट्यांपासून करा: कॉर्पोरलला दोन, सार्जंटला तीन, टोक खाली. पदकांच्या फिती त्यानंतर घ्या. सगळ्यांत मानाची फीत छातीच्या मध्याकडे येते, तेव्हा जुनी ओळ उसवण्याआधी तिचा क्रम वहीत उतरवून घ्या.