मशीनिंगचे व्हिडिओ पाहून शिकताना: दोन कटांमधला वेळ

लेथवरच्या कामाचे व्हिडिओ पाहून ज्यांना स्वतः काही घडवावेसे वाटू लागले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. चक, टूलपोस्ट, फीड या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. भुसावळला घरामागच्या शेडमध्ये, पट्ट्यावर चालणाऱ्या एका जुन्या लेथवर मी नोकरी सांभाळून शिकलो, आणि हे शिकणे अजून संपलेले नाही.

पाहण्याचा आनंद आणि शिकण्याचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे मला फार काळ वाटत असे. आता तसे वाटत नाही. जो कारागीर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये धरण्यापूर्वी थांबतो, कोणती बाजू आधी आणि का हे बोलून दाखवतो, डायल गेज लावून जॉब किती हलतो ते पाहतो, त्याचा व्हिडिओ अर्धा तास चालला तरी कंटाळा येत नाही आणि पाहून झाल्यावर हाताशी काहीतरी उरते. ‘क्लिकस्प्रिंग’ ही ऑस्ट्रेलियातील वाहिनी पाहा. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेल्या प्राचीन यंत्राची प्रतिकृती तिथे घडते. ते यंत्र आपण कधीही बनवणार नाही; पण एकेक दाता आखून कानशीने कसा उतरवला असेल याचा विचार ऐकताना आपली स्वतःची कानस धरण्याची पद्धत सुधारते. याउलट, मागे संगीत लावलेले आणि मिनिटाभरात अख्खा गिअर उगवणारे तुकडे मी नवशिक्याला पाहूच देणार नाही. त्यांतून गती दिसते, काम दिसत नाही.

आता ज्या सापळ्याने मला सर्वांत जास्त छळले, त्याविषयी सविस्तर सांगतो. बहुतेक व्हिडिओंमध्ये दोन कटांमधला, म्हणजे टूलने धातू कापण्याच्या दोन फेऱ्यांमधला, वेळ वगळलेला असतो. कट संपतो, लगेच बारीक माप घेणारा मायक्रोमीटर लागतो, माप बरोबर येते आणि बेअरिंग अंगठ्याने दाबून बसते. मी गरम हवेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनासाठी ॲल्युमिनियमचा हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचे घर, करत होतो. त्यात ६००१ क्रमांकाचे बेअरिंग बसवायचे होते; त्याचा बाहेरचा व्यास २८ मिमी, म्हणजे भोकही २८ मिमी. संध्याकाळी मापात आलेले भोक सकाळी बेअरिंग घेईना. मायक्रोमीटरवर संशय घेतला, बेअरिंगवर घेतला, लेथच्या बेडवर घेतला. दोष त्यांपैकी कशातच नव्हता.

ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढते. पोलाद साधारण त्याच्या निम्मे. कट घेऊन जॉब खोलीच्या हवेपेक्षा ३५ अंशांनी तापला असेल, तर २८ मिमीचे भोक ०.०२ मिमीहून थोडे अधिक मोठे वाचले जाते आणि थंड होताच तेवढेच आवळते. बेअरिंग बसण्या-न बसण्याचा सगळा हिशेब याच अंतरात असतो. भोक असेल तर आणखी एक हलका कट घेऊन सावरता येते. शाफ्टच्या बाबतीत मात्र हेच उलटे होते: गरम असताना बरोबर वाटलेला शाफ्ट थंड झाल्यावर बारीक निघतो, आणि काढलेला धातू परत लावता येत नाही.

म्हणून आधी अर्धा मिमी राखून जाड कट संपवावेत, जॉब हाताला गार लागेपर्यंत सोडून द्यावा, आणि मगच शेवटचे कट घ्यावेत. तेही एकाच मापावर टूल दोनदा फिरवून, कारण पहिल्या फेरीत टूल आणि जॉब दोन्ही थोडे दबलेले असतात. मोजताना जॉब, मायक्रोमीटर आणि बेअरिंग एकाच जागी, एकाच तापमानाला असावेत. उन्हात ठेवलेला मायक्रोमीटर वापरू नये, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावे लागते.

यावरून कोणी घाबरू नये. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अचूक काम इथे होणारच नाही अशी शंका मलाही येत असे. ती निराधार आहे. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे असतील तर दोन्ही जवळपास सारखेच वाढतात. हवेतील उष्म्याने फारसे बिघडत नाही. कटाने आलेला उष्मा फसवतो.

गतीचे आकडेही व्हिडिओतून उचलू नयेत. हायस्पीड स्टीलच्या टूलने साध्या पोलादावर मिनिटाला सुमारे ३० मीटर हा वेग धरला, तर २५ मिमीच्या सळईला मिनिटाला ३८० च्या आसपास फेरे पुरतात. समोरचा कारागीर कार्बाइड टूल लावून त्याच्या तिप्पट-चौपट गतीने, टनभर वजनाच्या मशीनवर काम करत असतो.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो. उन्हाळ्यात गळ्यात रुमाल किंवा गमछा गुंडाळून लेथसमोर उभे राहू नका. हातमोजे नकोत, लोंबत्या बाह्या नकोत, चकची चावी क्षणभरही चकमध्ये राहता कामा नये. फिरत्या जॉबभोवती पॉलिश पेपर बोटांनी गुंडाळणारे लोक व्हिडिओत दिसतील. त्यांचे अनुकरण करू नका.

आणि गुरूविषयी माझे मत ठाम आहे. भुसावळात रेल्वेतून निवृत्त झालेले टर्नर आहेत, जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत आयुष्य घालवलेले लोक आहेत. आवडलेला व्हिडिओ त्यांच्यासमोर लावा आणि ‘काका, यात काय दाखवलेले नाही?’ एवढेच विचारा. मला उत्तरात जॉब धरण्याविषयी जे ऐकायला मिळाले, ते कोणत्याही वाहिनीवर मिळाले नव्हते. ते तुमच्या शेडवर यायला तयार झाले, तर त्यापूर्वी टूलला धार स्वतः लावून ठेवा. आल्याबरोबर ते प्रथम तीच पाहतात.