घरात मुलं आहेत? मग बंदुकीची तिजोरी कमी खर्चात कशी निवडावी

बंदुकीसाठी तिजोरी घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चोर असतो. पहार, कटर, मध्यरात्र. म्हणून पैसे जाड पत्र्यावर, गलबताच्या चाकासारख्या हँडलवर आणि आगीपासूनच्या संरक्षणावर जातात. कुलूप मात्र जे सोबत येईल ते. घरात मुलं असतील तर हा हिशेब उलटा मांडा. ज्याला अडवायचंय तो कुठून बाहेरून येणार नाहीये. तो घरातच राहतो, त्याच्याकडे वेळच वेळ आहे आणि तुमच्या सवयी त्याला तोंडपाठ आहेत.

‘कुठे ठेवलीय ते पोरांना माहीतच नाही’ यावर तर अजिबात विसंबू नका. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं होतं. मुलांना जागा ठाऊक नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. त्याआधी २००१ च्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना छोट्या गटांनी एका खोलीत बसवलं होतं. खणात खरं, पण रिकामं पिस्तूल होतं. ४८ जणांना ते सापडलं, ३० जणांनी हाताळलं आणि १६ जणांनी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ‘बंदुकीला हात लावायचा नाही’ या धर्तीचं काहीतरी आधी शिकवलेलंच होतं. समजावून जरूर सांगा, पण भरवसा कुलपावर ठेवा.

आधी मोजमाप

बंदूक दुर्बिणीसकट, पट्ट्यासकट मोजा. तिजोरीची लांबी-रुंदी आतून मोजा, बाहेरची मापं फसवतात. एकच पिस्तूल असेल तर मोठं कपाट घेऊन उपयोग नाही, छोटी पेटी पुरते. लांब बंदुकीसाठी साधं पोलादी कपाट पुरेसं असतं आणि ते खऱ्या तिजोरीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. परवाना आणि साठवणुकीचे नियम जागोजागी वेगळे असतात. विशिष्ट दर्जाची तिजोरी सक्तीची आहे का, हे पैसे मोजण्याआधी बघून घ्या.

कुलूप: इथे हात आखडू नका

स्वस्तातल्या तिजोऱ्यांना चार प्रकारची कुलपं येतात: किल्ली, आकड्यांची बटणं, बोटाचा ठसा आणि बॅटरीशिवाय चालणारी यांत्रिक बटणं. कमी पैशांत मला किल्लीचं चांगलं कुलूप किंवा यांत्रिक बटणं बरी वाटतात. दोन्हींत बॅटरी संपायची भानगड नाही. किल्लीची अडचण एकच, ती ठेवायची कुठे. त्याकडे पुढे येतो.

ठशाचं कुलूप दिसायला झकास. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ६१,००० बायोमेट्रिक तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या, कारण नोंद नसलेल्या बोटानेही त्या उघडू शकत होत्या. एका १२ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा संबंध त्या प्रकरणाशी जोडला गेला. तरीही ठशाचीच घ्यायची असेल तर आधी आपलं बोट नोंदवा, मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला बोट लावायला सांगा. एकाच्याही बोटाने उघडली तर परत करा. त्या मॉडेलबद्दल काही इशारा निघाला आहे का, तेही शोधा.

रिकामी असतानाच आपटून बघा

ही चाचणी फार कमी लोक करतात. स्वस्त इलेक्ट्रॉनिक कुलपात आतला खटका एका स्प्रिंगवरच्या छोट्या खिळीने अडवलेला असतो. वरून दणका बसला की ती खिळी क्षणभर उडते, आणि त्याच क्षणी हँडल फिरवलं तर दार उघडतं. रिकामी पेटी बंद करा, जाड गादीवर वीतभर उंचीवरून सोडा, वरून मुठीने ठोका आणि ठोकताना हँडल फिरवत राहा. असं दहा-बारा वेळा करा. हे करताना आपण वेड्यासारखे दिसतो, पण एखादं पोर रागाच्या भरात नेमकं हेच करेल. एकदा जरी उघडली तरी ती ठेवू नका.

आणखी एक गोष्ट बघा. आकड्यांच्या कुलपावर बऱ्याचदा नावाच्या पट्टीखाली आणीबाणीच्या किल्लीचं भोक लपवलेलं असतं. ती किल्ली पेटीसोबतच येते आणि तशीच खणात पडून राहते. कारखान्यातून आलेला मूळ आकडाही पहिल्याच दिवशी बदला.

पत्रा आणि बोल्ट

गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १२ गेज म्हणजे साधारण २.७ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे दीड. मुलांना अडवायला १६ गेज चालतो, पण दाराच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घुसता कामा नये. तिजोरीवर मजबुतीच्या चाचणीचा, म्हणजे अमेरिकेतला आरएससी किंवा युरोपातला ईएन १४४५० हा शिक्का असेल तर उत्तमच, पण ती परीक्षा चोराच्या हत्यारांची आहे. आगीपासूनच्या संरक्षणासाठी तुटपुंज्या बजेटमधून जादा पैसे मोजू नका.

पेटी जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने जखडल्याशिवाय काम पुरं होत नाही. मोकळी छोटी पेटी उचलून गच्चीवर नेता येते आणि तिथे निवांत फोडता येते. आतून बोल्ट घालायची भोकं असलेलीच पेटी घ्या.

काडतुसं वेगळी

बंदूक रिकामी, कुलपात; काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या जागी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात आणि दोन्ही वेगळं ठेवणं, या चारही सवयींचा संबंध मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी असण्याशी दिसला. काडतुसांना महागडी पेटी लागत नाही. कडी-कुलूप लागणारा लोखंडी डबा चालतो, फक्त त्याची किल्ली वेगळी हवी.

आकडा आणि किल्ली

मुलाचा वाढदिवस, गाडीचा नंबर, फोनचा पिन यांतलं काहीही नको. महिन्यातून एकदा खोलीत अंधार करून बटणांवर तिरपा टॉर्च मारा. वापरातल्या चार बटणांवर बोटांचा तेलकटपणा चमकतो आणि बाकीची कोरी राहतात. मुलाला एवढं दिसलं तरी अर्धं काम झालं. बटणं पुसा, आकडा बदला. किल्ली कपाटावर, देव्हाऱ्यात किंवा पिठाच्या डब्यात ठेवू नका. पोरांनी या जागा कधीच पालथ्या घातलेल्या असतात. रोजच्या जुडग्यात, अंगावर असलेली किल्ली बरी. दुसरी किल्ली घराबाहेर, विश्वासू मोठ्या माणसाकडे.

तिजोरी यायला वेळ असेल तर तोवर बंदूक रिकामी करून नळीतून जाणारं केबल-कुलूप लावा. ते फार स्वस्त असतं. आणि घरातलं वयात आलेलं मूल खचलेलं, गप्प-गप्प असेल, तर कोणती तिजोरी घ्यावी हा प्रश्नच बाजूला ठेवा. बंदूक काही काळ कायदेशीर मार्गाने घराबाहेर ठेवा आणि मूल सावरेपर्यंत परत आणू नका.