कॅम्पर व्हॅनमध्ये मागची बॅटरी बसवताना या चुका टाळा

मे महिन्यात नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका शेडमध्ये आमच्या ट्रॅव्हलर व्हॅनचं काम चालू होतं. मागच्या बॅटरीच्या, म्हणजे पंखा-दिवे-फ्रिज चालवणाऱ्या दुसऱ्या बॅटरीच्या, कट-ऑफ स्विचची लाल चावी फिरवली, काढून खिशात टाकली, तरी छताचा पंखा गरगरतोच आहे. वायरमन म्हणाला, "भाऊ, स्विच गेला." स्विच ठणठणीत होता. तो मायनसच्या वायरीवर होता आणि नंतर कोणीतरी इन्व्हर्टर थेट बॅटरीच्या टर्मिनलांना जोडून त्याचा पत्र्याचा डबा गाडीच्या बॉडीला आवळून टाकला होता. त्या इन्व्हर्टरचा मायनस आतून डब्यालाच जोडलेला. करंटला घरी जायला चोरवाट सापडली, मग स्विचला विचारतो कोण?

स्विच बसवला की काम झालं असं मानणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्विच मायनसवर असेल तर तो बंद करा, इंजिन बंद ठेवा आणि मागचा एखादा दिवा चालू ठेवा. मग मल्टिमीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा बॉडीच्या रंग खरवडलेल्या लोखंडावर धरा. १२ व्होल्ट दिसले तर बॅटरी सुटलेलीच नाही. आम्ही इन्व्हर्टरची मायनस वायर स्विचच्या पलीकडच्या बोल्टावर नेली, तेव्हा कुठे पंखा थांबला. नवीन काम करायचं असेल तर मी स्विच प्लसवरच घेईन. गाडीची बॉडीच मायनसच्या वायरीचं काम करते (बॉडी अर्थ), त्यामुळे मायनसला परतीच्या वाटा फार.

आता त्या वायरीकडे बघा, जिच्याकडे कोणी बघत नाही: पुढच्या बॅटरीपासून रिलेमार्फत (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आपोआप स्विच) मागच्या बॅटरीपर्यंत जाणारी चार-पाच मीटरची चार्जिंग वायर. बहुतेक ठिकाणी फ्यूज एकाच टोकाला, इंजिनजवळ. पण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे! कसारा घाटातल्या खडखडाटात ती चासीवर घासून उघडी पडली, तर पुढचा फ्यूज उडेल आणि मागची बॅटरी मात्र शेकडो अँपिअर ओतत राहील. वायर लाल होते, इन्सुलेशन पेटतं, आणि वर आपली गादी. म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना हवा, टर्मिनलपासून वीतभर अंतरात. फ्यूज निवडायचा तो वायरीच्या क्षमतेवरून, उपकरणाच्या नव्हे. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रिंग, घाला. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण नेमकी तीच विसरते.

हिशोब सोपा आहे. हजार वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर नुकसान धरून शंभरेक अँपिअर ओढतो. घराच्या वायरिंगची उरलेली वायर तिथे चालत नाही. जवळच्या अंतरालाही २५ चौरस मिमीची, बारीक तारांची तांब्याची वायर घ्या. स्वस्तातले लाल चावीचे स्विच एवढा करंट सतत सोसतीलच असं नाही. दहा मिनिटं लोड चालवून हात लावून बघा. स्विच चटका देत असेल तर बदला.

पाण्याची ट्युब्युलर बॅटरी असेल तर ती पलंगाखाली बंद पेटीत कोंडू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. पेटीला वरून बाहेर जाणारी नळी द्या, बॅटरी पट्ट्याने जखडा. गॅसचा सिलिंडर शेजारी नकोच.

लिथियम घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. ती अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज देणारं जनित्र) बेफाम करंट ओढते, त्यामुळे साध्या रिलेवर भागवू नका, करंट आणि व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा डीसी-डीसी चार्जर लावा. बीएस-६ गाडीत स्मार्ट अल्टरनेटर असेल तर त्याचा व्होल्टेज मध्येच उतरतो, रिले सुटतो आणि दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी रिकामीच राहते. तिथेही हाच इलाज. दुसरी गोष्ट, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. निफाडची थंडी बातम्यांत कितीही गाजली तरी आपल्याकडे तो प्रश्न सहसा येत नाही. हिवाळ्यात स्पितीला निघालात तर आहे.

बॅटरी काढताना आधी सोलर पॅनलची वायर सोडवा, मग बॅटरीचा मायनस, शेवटी प्लस. जोडताना बरोबर उलटं. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पाना तिथेच चिकटतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

गंगापूर धरणाकडे रात्री मुक्कामाला गेलात, फ्रिज बीप करतोय आणि दिवे मंद आहेत, तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका. फ्रिज चालू असताना आधी बॅटरीवर मोजा, मग फ्रिजच्या प्लगवर. बराच वेळ लोड नसताना लेड-ॲसिडवर १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी संपली. पण दोन मापांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष वाटेत आहे: बारीक वायर, गंजलेला अर्थ, किंवा हातोडीने ठोकून चेपलेला लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं बोल्टात अडकवायचं कडं. आमच्याकडे लगच होता. ओढला तर हातात आला.