'आत', 'वर', 'मोठा': उशिरा बोलणाऱ्या मुलांना संकल्पना शिकवताना

या कामात नव्याने आलेले बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात रंगांची कार्डं काढून बसतात. "हा कुठला रंग?" मूल गप्प. मग तोच प्रश्न, जरा मोठ्या आवाजात. माझं ऐकाल तर रंग थोडे थांबू द्या. 'लाल' म्हटल्याने मुलाचं काही अडलेलं काम होत नाही. 'अजून', 'संपलं', 'उघड', 'आत', 'वर' या शब्दांनी होतं, म्हणून आधी ते घ्या.

त्याहीआधी श्रवणचाचणी झाली आहे का, हे विचारा. "हाक मारली की बघतो" एवढं पुरेसं नाही. मधल्या कानात पाणी साठलं असेल तर हाक ऐकू येते, पण शब्दांतले हलके आवाज निसटतात.

बोलणं आणि कळणं वेगवेगळं तपासायला लागतं, आणि खरी मेख इथेच आहे. "चेंडू डब्यात टाक" म्हटलं आणि त्याने टाकला, तर 'आत' कळलं असं समजू नका. उघडा डबा समोर दिसला की लहान मुलं तसंही त्यात काहीतरी टाकतात. शिवाय सांगताना आपली नजर डब्याकडे जाते, हात हलतो. मी डबा आडवा ठेवते, म्हणजे वस्तू आतही जाऊ शकते आणि वरही राहू शकते. हात मांडीवर, नजर मुलाकडे, आणि मग सांगते. हातांनी दिलेलं उत्तर हेसुद्धा उत्तरच. तोंडाने शब्द येईपर्यंत संकल्पना अडवून ठेवायचं काहीच कारण नाही.

आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. 'डबा'चं 'डब्यात', 'डब्यावर' होतं. ओळखीचा शब्द बदलतो आणि शिकवायचं ते शेवटच्या तुकड्यात दडून बसतं. म्हणून सुरुवातीला मी "डब्याच्या... आत" असं सुटं करून, 'आत'वर जोर देऊन म्हणते. 'मोठा, मोठी, मोठं'चंही तसंच. आधी मोठा चेंडू, मोठा डबा, मोठा चमचा घ्या. मोठी बाहुली नंतर.

जोडीतले दोन्ही शब्द एकदम शिकवू नका. 'मोठा' आणि 'लहान' एकाच बैठकीत आले की काही मुलांची त्यात सारखी अदलाबदल होते. 'मोठा' आणि 'मोठा नाही' एवढंच काही दिवस चालू द्या. ते पक्कं झालं की 'लहान'. मग गंमत: मघाचा मोठा चमचा त्याहून मोठ्या चमच्याशेजारी ठेवा. इथे बरीच मुलं गोंधळतात, आणि तो गोंधळ चांगला असतो. मूल तुलना करायला लागल्याची ती खूण आहे.

वस्तू, जागा, माणूस बदलत राहा. नाहीतर 'आत' म्हणजे तो एकच डबा असं ठरून जातं. टेबलाखाली आधी मुलालाच जाऊ द्या, बाहुली नंतर. पायमोज्याच्या आत पाय, बाहीच्या आत हात हे घरी रोज होतंच, पालकांना फक्त तेव्हा तो शब्द म्हणायला सांगा.

सांगून झालं की थांबा. नव्या माणसाला हे सर्वांत जड जातं. शांतता सोसवत नाही आणि तो दुसरी सूचना देतो. मुलाचं पहिल्या सूचनेवरचं काम तिथेच मोडतं.

त्याने 'आत'ऐवजी नुसतं 'आ' म्हटलं तर "हो, आत! चेंडू आत गेला" असं पूर्ण करून द्या, पण वदवून घेऊ नका. उच्चारांचं काम स्पीच थेरपिस्टबरोबर वेगळं चालू राहील. खुणा किंवा चित्रं वापरल्याने बोलणं मागे पडत नाही, हे मात्र घरच्यांना पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

वहीत 'आलं' किंवा 'नाही आलं' एवढंच लिहू नका. आपल्या हाताच्या-नजरेच्या खुणेशिवाय जमलं का, कोणती वस्तू होती, कोणी सांगितलं, हे लिहा. पालक "बोलेल कधी?" विचारतात तेव्हा मी तारीख देत नाही, ही वही दाखवते.