हत्तींच्या कळपाला कॉलर: माग कळपाचा, हलवायचं माणसांना

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि रोजचा प्रश्न एकच झाला: कळप आत्ता कुठे आहे? ते कळलं नाही की मशाली-फटाके निघतात, मोबाईल उंचावून बघे जमतात. बिथरलेला कळप फुटतो, पिल्लं मागे पडतात, आणि एका गावाने हाकललेले हत्ती पहाटे शेजारच्या गावाच्या धानात असतात. हत्तीच्या गळ्यात लोकेशन कळवणाऱ्या यंत्राचा पट्टा, म्हणजे कॉलर, लावायची ती ही धावपळ थांबवण्यासाठी. लोकेशन मिळालं की हाकारेवाल्यांना नेमकी जागा दाखवू, असा बेत असेल तर न लावलेली बरी.

कोणाला लावायची

प्रौढ हत्तीण निवडा. टस्कर, म्हणजे सुळेवाला नर, बहुधा एकटा भटकतो, त्याच्यावरून कळपाचा पत्ता लागत नाही. वाढत्या वयाच्या जनावराला पट्टा पुढे काचतो. गाभण किंवा अगदी लहान पिल्लू असलेली हत्तीण टाळा. म्होरकीच हवी असा हट्ट नको: ती भुलीने डगमगली तर बाकीच्यांना तिथून हलवणारं कोणी उरत नाही. कळपात कायम दिसणारी दुसरी प्रौढ हत्तीण चालते. त्यासाठी आधी दोन-तीन आठवडे लांबून नोंदी ठेवा, कोण कोणाबरोबर असतं ते लिहा. वीसेक हत्तींचा कळप दोन-तीन तुकड्यांत फुटतो आणि पुन्हा जुळतो. एका कॉलरवर विसंबलात तर दुसरी तुकडी नकळत कुणाच्या तरी दारात उभी राहते. दोन तुकड्यांत दोन कॉलर, हा किमान हिशेब.

हत्ती अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्याने सगळ्यात जास्त संरक्षण दिलेला प्राणी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये पकडणं हेही ‘शिकार’ या व्याख्येत येतं, त्यामुळे केंद्राची पूर्वमान्यता आणि मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. उपग्रहावरून बोलणाऱ्या कॉलरसाठी दूरसंचार विभागाचे कागद वेगळे. थंडीत काम करायचं तर अर्ज पावसाळ्याआधी टाका.

लावण्याआधी

जंगलात मोबाईल नेटवर्क तुटक असेल तर सिमवाली कॉलर घेऊ नका, उपग्रहवालीच घ्या. आल्यावर किमान दोन दिवस कार्यालयाच्या गच्चीवर मोकळ्या आभाळाखाली ठेवा आणि येणारी लोकेशन गच्चीवरचीच आहेत का ते पाहा. बऱ्याच कॉलर बंद ठेवायला बाहेरून एक चुंबक चिकटवलेलं असतं. ते काढलं की कॉलर चालू होते. गडबडीत चुंबक तसंच राहतं आणि सगळी मोहीम वाया जाते. चुंबक काढून खिशात घालायचं काम एकाच माणसाचं, आणि त्याने ते मोठ्याने सांगायचं.

लावताना

औषध आणि मात्रा हा वन्यप्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाचाच निर्णय. बाकीच्यांनी त्यात बोलू नये. डार्ट, म्हणजे बंदुकीतून मारायची भुलीची सुई, पहाटेच्या गारव्यात मारायचा, जवळ पाणवठा, दलदल किंवा उतार नको. शक्यतो हत्तीण उभ्यानेच गुंगीत राहावी. बसलीच तर छातीवर बसू देऊ नका: हत्तीचं फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असतं, वरचा भार पडला की श्वास कोंडतो. कुशीवर कलती करा. सोंड सरळ, तिचं टोक मोकळं. एकाने फक्त श्वास मोजायचे. डोळ्यांवर ओलं फडकं, कानांवर पाणी. उतारा देणारं इंजेक्शन भरून तयार हवं.

पट्टा कानांच्या मागे बसतो. यंत्र मानेच्या वर आभाळाकडे, वजनाचा तुकडा बरोबर खाली. हे वजन कमी पडलं तर पट्टा फिरतो, यंत्र गळ्याखाली जातं आणि सिग्नल मिळेनासा होतो. तळहात उभा सरकेल इतकीच ढील ठेवा. जास्त सैल झाला तर दुसऱ्या हत्तिणी सोंडेने ओढून काढतात. नट-बोल्ट दोनदा तपासा, पट्ट्याचं उरलेलं टोक कापा.

वेळापत्रक आणि बॅटरी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दर अर्ध्या तासाला लोकेशन घेतलं तर दिवसाला ४८ होतात आणि बॅटरी झपाट्याने उतरते. शेतात हत्ती बहुधा रात्री येतात, म्हणून संध्याकाळी ६ ते सकाळी ६ दर अर्ध्या तासाला (२४) आणि दिवसा दर दोन तासांनी (६) असं ठेवा. ३० लोकेशनमध्ये काम भागतं. दुहेरी संपर्काची, म्हणजे लांबून सूचना घेणारी, कॉलर असेल तर हंगामाप्रमाणे हे बदलता येतं: धान पोटरीत आलं की रात्रीचं प्रमाण वाढवा, पुंजणे घरी गेले की कमी करा.

लोकेशन वाचताना

वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत येते. १२:३० म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे ६. साडेपाच तास मिळवायचे राहिले की शिळ्या जागेवर पहारा बसतो. दुसरी चूक अंश-मिनिटांची. २०.३० अंश आणि २० अंश ३० मिनिटं या एकच जागा नाहीत, दोन्हींत सुमारे २२ किलोमीटरचं अंतर पडतं. फोनवरून आकडे सांगताना हा घोळ हमखास होतो. त्यापेक्षा जंगलाचा कक्ष क्रमांक आणि नाल्याचं नाव सांगा.

नकाशावरचा ठिपका म्हणजे हत्ती तेव्हा कुठे होता, एवढंच. कळप तासाला चार-पाच किलोमीटर सहज चालतो. लोकेशन एक तास जुनं असेल तर पाच किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यातली सगळी गावं सावध करा. दाट झाडीत किंवा घळीत एखादा ठिपका भलतीकडेच पडतो. मागच्या-पुढच्या ठिपक्यांशी त्याचा मेळ बसत नसेल तर तो सोडून द्या.

यागी अँटेना (कॉलरच्या रेडिओ सिग्नलची दिशा दाखवणारी, हातात धरायची) घेऊन रोज कळपाच्या मागे जाणं हाही त्रासच आहे. तिचा वापर उपग्रहाचं लोकेशन बंद पडल्यावर. तेव्हाही लांबून, दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेऊन रेषा जिथे छेदतात ती जागा धरा. डोंगराळ भागात सिग्नल उलट्या बाजूने आदळून येतो, एका दिशेवर कधीच भरवसा ठेवू नका.

गावाला काय सांगायचं

कच्चं लोकेशन तीन-चार जणांपुरतंच ठेवा. ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं की अर्ध्या तासात बघे पोचतात, आणि शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो. गावाला जायचा निरोप असा:

“कळप संध्याकाळी ६ वाजता नाल्यापलीकडे होता. रात्री जंगलाच्या रस्त्याने जाऊ नका. उद्या पहाटे मोहफुलं वेचायला निघू नका. पुढचा निरोप ९ वाजता.”

पुढच्या निरोपाची वेळ कायम सांगा. ती पाळली नाही तर लोक स्वतः बघायला निघतात. लेखी निरोप सगळ्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून पोलीस पाटलाला फोन, दवंडी, आणि माडिया-गोंडीत रेकॉर्ड केलेला आवाज. तमिळनाडूतल्या वालपराईत चहाच्या मळ्यांतून हत्ती जवळ आले की मोबाईलने पेटणारे लाल दिवे लावले आहेत. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतात.

जंगलकडेच्या झोपडीत कोणी राखणीला असेल तर त्याला त्या रात्री गावात आणा. घरातलं धान आणि मोहफुलं भिंतीलगत ठेवू नका, वासाने हत्ती भिंत पाडतात. नुकसानीचा पंचनामा दुसऱ्याच दिवशी करा. तो रखडला की पुढच्या रात्री मशाली निघतात, मग निरोप कोणी ऐकत नाही.

कॉलर गप्प झाली तर

आधी शेवटच्या दहा लोकेशनचा वेग बघा. पाच-सहा तास ठिपका जागचा हलला नाही तर पट्टा गळून पडला असेल किंवा हत्तीण अडचणीत असेल: दोन अनुभवी माणसं वाऱ्याच्या उलट दिशेने पाठवा. ठिपकेच येणं थांबलं तर एक दिवस थांबा, घळीत असेल. मग यागी. तिच्यावरही काही आलं नाही तर पायी माग काढणाऱ्यांवर या आणि गावांना तसं स्पष्ट कळवा. बॅटरीचा व्होल्टेज दर आठवड्याला वहीत लिहिला असेल तर ही वेळ अचानक येत नाही, आणि पट्टा उतरवण्याची परवानगीही वेळेत मागता येते.