जुना म्युझिक प्लेअर वर्षानुवर्षं चालू कसा ठेवावा?

आयपॉड २००१ साली बाजारात आला आणि २०२२ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. त्यातले कितीतरी प्लेअर आजही वाजतात, तर काही ड्रॉवरमध्ये पडून निकामी झाले. प्लेअर वापरल्याने जितका खराब होतो, त्याहून जास्त तो विसरल्याने होतो.

१. बॅटरी आधी सांभाळा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर क्षीण व्हायला लागते. ती रोज शंभर टक्के भरायची किंवा शून्यावर आणायची गरज नाही. २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवलेली बरी. उन्हात उभ्या गाडीत प्लेअर ठेवू नका, कारण उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

काही महिने वापरणार नसाल तर निम्मी चार्ज करून, बंद करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बंद प्लेअरसुद्धा थोडी वीज खातच असतो. व्होल्टेज फार खाली गेलं की बॅटरीचं संरक्षक सर्किट चार्जिंगच नाकारतं आणि प्लेअर मेला असं आपल्याला वाटतं.

मागचं झाकण उचललं गेलंय किंवा स्क्रीन वर आलाय असं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका. ती ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

२. हेडफोनचा जॅक. एकाच कानात आवाज येत असेल तर आधी दुसरा हेडफोन लावून बघा. बहुतेक वेळा दोष वायरचा निघतो. तसं नसेल तर प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने जॅकमध्ये अडकलेला खिशातला कचरा हलकेच काढा. धातूची पिन घालू नका. प्लग काढताना वायर नव्हे, प्लग धरा. हेडफोन लावलेला प्लेअर मागच्या खिशात ठेवून बसलं की जॅकचं सोल्डरिंग सुटतं, आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जाण्यावाचून पर्याय राहत नाही.

३. गाण्यांची दुसरी प्रत ठेवाच. जुन्या, मोठ्या आकाराच्या आयपॉडमध्ये १.८ इंची हार्ड डिस्क असते. फिरते भाग असल्यामुळे ती आपटलेली सहन करत नाही. ‘टक् टक्’ आवाज यायला लागला की बाकी सगळं सोडून गाणी आधी कॉम्प्युटरवर उतरवा. अनेक मॉडेलमध्ये अडॅप्टर लावून डिस्कच्या जागी एसडी कार्ड बसवता येतं. मग धक्क्याची भीती जाते आणि वीजही कमी लागते. फ्लॅश मेमरीच्या, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवर गाणी साठवणाऱ्या प्लेअरमध्ये ही भीती नाही, पण कॉपी चालू असताना केबल ओढली तर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची नोंद ठेवणारी व्यवस्था, बिघडू शकते. ‘इजेक्ट’ करूनच काढा.

४. बॅटरी बदलताना तिच्यावरचा आकडा वाचा. लहान पाउच बॅटरीवर (मऊ, चपट्या आवरणातली बॅटरी) ४०२०३० असं छापलेलं असेल, तर जाडी ४.० मिमी, रुंदी २० आणि लांबी ३० असा त्याचा अर्थ. व्होल्टेज तेवढंच हवं, जाडी मात्र जास्त नको, नाहीतर झाकण बॅटरीवर दाब देतं. तीन वायरी असतील तर तिसरी सहसा तापमानाच्या सेन्सरची असते, त्यामुळे नवीन बॅटरीही तीन वायरींचीच घ्या. झाकण उघडायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा, कारण स्क्रूड्रायव्हरचं टोक बॅटरीत घुसलं तर आग लागू शकते.